ऊलाइट खेळायला बसताय? लेझरच्या आधी टाकीतलं फ्युएल सांभाळा

एका ग्रहावर माल स्वस्तात उचलायचा, दुसऱ्यावर नेऊन विकायचा, वाटेत पायरेट आडवे आले तर लढायचं नाहीतर सुंबाल्या करायचा आणि साठलेल्या पैशातून जहाज हळूहळू तगडं करत न्यायचं, असे गेम खेळायची हौस खूप जणांना असते पण गाडी सुरुवातीलाच अडते, कारण मोठे गेम विकत घ्यावे लागतात, त्यांना चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, काहींना तर सतत नेट लागतं. म्हणून मला कोणी विचारलं की मी एकच नाव सांगतो, ऊलाइट. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, नेट फक्त डाउनलोडपुरतं लागतं आणि जुना लॅपटॉप असला तरी डिटेल कमी करून मस्त खेळता येतं.

थोडी पार्श्वभूमी, कारण त्यावरून गेमचा स्वभाव कळतो. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल ह्या केंब्रिजच्या दोन पोरांनी बीबीसी मायक्रो ह्या कॉम्प्युटरसाठी एलिट नावाचा गेम लिहिला. त्या मशीनची मेमरी होती अवघी ३२ केबी आणि तेवढ्यात त्यांनी ८ गॅलक्सी बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, प्रत्येक ग्रहाला नाव, सरकार, इकॉनॉमी, सगळं! हे ग्रह कुठे साठवलेले नव्हते, एका छोट्या आकड्यापासून गणित करून गेम ते दर वेळी जसेच्या तसे तयार करायचा. आणि तोच बीबीसी मायक्रो १९८४-८५ च्या सुमारास क्लास ह्या शालेय कॉम्प्युटर शिक्षणाच्या सरकारी प्रोजेक्टमधून आपल्याकडच्या शाळांमध्येही आला होता, त्यामुळे पन्नाशीच्या आसपासच्या काही मंडळींनी ते मशीन हाताळलेलं असेल. ऊलाइट म्हणजे त्या एलिटचा आजच्या कॉम्प्युटरसाठी नव्याने लिहिलेला अवतार. ग्रह तेच, जहाजं तीच, फक्त आता सूर्य खरा आहे, ट्रॅफिक खरं आहे आणि तुमच्यावाचून जगाचं काही अडत नाही. इतर व्यापारी आपापला माल नेत असतात, पोलिस आणि पायरेट यांची आपसात जुंपलेली असते, आणि ह्या गर्दीत तुम्ही एक नवखे कमांडर.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, ऑफिशियल साइटवरून घ्या, नेहमीसारखं नेक्स्ट नेक्स्ट करा. पहिल्या स्क्रीनवर नवीन कमांडर सुरू करताना ट्युटोरियलचा पर्याय दिसेल तो आधी संपवा, कंटाळा करू नका, वळणं आणि निशाणा तिथेच हाताला बसतात. बाणांची बटणं लक्षात घ्या, डावं-उजवं दाबलं की जहाज त्या बाजूला वळत नाही, ते स्वतःभोवती गडगडतं म्हणजे रोल होतं, आणि वरचा बाण नाक खाली नेतो, खालचा वर, विमानासारखं. डावी-उजवीकडे नाक फिरवायला कॉमा आणि फुलस्टॉप. डब्ल्यू वेग वाढवतं, एस कमी करतं, ए लेझर. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

खरा गेम सुरू होतो तो लावे ह्या ग्रहाच्या स्टेशनवर. तुमच्याकडे असतं कोब्रा मार्क थ्री जहाज, १०० क्रेडिट (गेममधला पैसा), ३ मिसाइल, पुढे एक साधा पल्स लेझर, २० टनांची डिकी आणि ७ प्रकाशवर्षांची भरलेली टाकी. लावे हे शेतीप्रधान श्रीमंत ग्रहांपैकी, सरकार हुकूमशाही, आणि ग्रहाची माहिती उघडलीत तर तिथल्या घनदाट पावसाळी जंगलांबद्दल आणि झाडावरच्या अळीबद्दल वाचायला मिळेल. नवीन माणूस इथे पहिली गोष्ट काय करतो तर स्टेशनबाहेर पडतो आणि जो दिसेल त्याच्यावर लेझर मारतो. तसं करू नका. स्टेशनच्या जवळ कोणावर गोळीबार केला की पोलिसांचे व्हायपर बाहेर येतात आणि तुम्ही लगेच ऑफेंडर म्हणजे गुन्हेगार ठरता, आणि त्या पल्स लेझरने व्हायपरसमोर काही चालत नाही.

आता धंद्याकडे या. डॉक असताना म्हणजे जहाज स्टेशनला लागलेलं असताना एफ८ दाबलं की बाजार उघडतो, वर-खाली बाणाने माल निवडायचा, उजवा-डावा बाण दाबून एक-एक टन घ्यायचा किंवा विकायचा. भावाचं सूत्र कांद्यासारखं आहे, जिथे पिकतो तिथून उचला आणि जिथे फक्त खातात तिथे विका. ग्रहांच्या इकॉनॉमीचे ८ प्रकार आहेत, श्रीमंत इंडस्ट्रियलपासून गरीब अ‍ॅग्रिकल्चरलपर्यंत. शेतीवाल्या ग्रहांवर अन्न, कापड, दारू, फर स्वस्त. इंडस्ट्रियल ग्रहांवर कॉम्प्युटर, मशिनरी, चैनीच्या वस्तू स्वस्त. दोन ग्रहांच्या इकॉनॉमीत जेवढं जास्त अंतर तेवढा दर टनामागे नफा जास्त, बस एवढंच.

उदाहरण धरून सांगतो म्हणजे डोळ्यासमोर येईल. लावेवर अन्न साधारण ४ क्रेडिटच्या आतबाहेर टन मिळतं. १०० क्रेडिटमधून २० टन अन्न भरा, ७५-८० क्रेडिट जातील, डिकी फुल. मग एफ६ दाबून चार्ट उघडा, त्यात तुमच्या टाकीत जेवढं फ्युएल आहे तेवढ्या पल्ल्याचं वर्तुळ दिसतं, त्या वर्तुळात झाओन्से शोधा (नाव टाइप केलं तरी कर्सर तिथे जातो), एफ७ ने माहिती बघा. झाओन्से इंडस्ट्रियल आहे आणि तिथलं सरकार कॉर्पोरेट स्टेट. तिथे तेच अन्न साडेसहा-सातच्या आसपास जातं, भाव थोडाफार वरखाली होतो पण एका फेरीत पन्नासेक क्रेडिट कुठे गेले नाहीत. येताना रिकामं येऊ नका! झाओन्सेवर कॉम्प्युटर साधारण ६७ च्या भावाने मिळतात आणि लावेवर ९० च्या जवळपास जातात, सुरुवातीला खिशात बसतील तेवढे दोनच घ्या, परत येऊन विका, पुन्हा अन्न भरा. ह्या दोन ग्रहांमध्ये फेऱ्या मारताना पैसा सुरुवातीला थेंबाथेंबाने येतो आणि मग डिकीत सगळेच कॉम्प्युटर बसायला लागले की एकदम वेग घेतो. लीस्टीसुद्धा जवळच आहे, तेही इंडस्ट्रियल आणि कॉर्पोरेट स्टेट, एकाच रूटचा कंटाळा आला तर तिकडे वळा.

इथे सरकारचा मुद्दा नीट समजून घ्या कारण नवशिके फक्त भाव बघतात आणि सरकार बघत नाहीत. सरकारचेही ८ प्रकार आहेत, कॉर्पोरेट स्टेट आणि डेमोक्रसी हे सगळ्यात शांत, तिथे पोलिसांची गस्त भरपूर. मग कॉन्फेडरसी, कम्युनिस्ट, हुकूमशाही असं करत करत खाली फ्युडल आणि अनार्की. अनार्की म्हणजे कोणी वाली नाही, पायरेटांच्या टोळ्या वाटेवरच बसलेल्या असतात. लावेच्या परिसरातच रीडक्वाट नावाचं एक अनार्की आहे, जहाजात काही बसवलेलं नसताना तिकडे फिरकू सुद्धा नका, भाव कितीही चांगला दिसो. गुलाम, अमली पदार्थ आणि बंदुका हा माल बेकायदेशीर, स्टेशनवरून तो घेऊन बाहेर पडलात की तुमच्या नावावर गुन्हा लागतो, आणि सुरुवातीच्या खेळाडूला त्याची काहीएक गरज नाही. सोनं, प्लॅटिनम आणि हिरे-माणकं मात्र किलो आणि ग्रॅमवर मिळतात, थोडीथोडी घेतली तर डिकीतली जागा खात नाहीत, म्हणून डिकी भरल्यावर चार पैसे उरले असतील तर तिकडे बघायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष प्रवास. एफ१ ने लाँच झालात की समोर ग्रह असतो आणि वाटेत स्टेशनचा बॉय म्हणजे तरंगता दिवा, त्याला धडकू नका. स्टेशनपासून जरा लांब गेलात की एच दाबा, १५ सेकंदांचं काउंटडाउन होतं आणि चार्टवर निवडलेल्या ग्रहाकडे उडी. पलीकडे तुम्ही पोचता ते विचपॉइंटला, ग्रहापासून खूप लांब. तिथून ग्रहापर्यंत जायला जे ने टोरस ड्राइव्ह चालू करायचा, जहाज सुसाट सुटतं, पण जवळपास दुसरं कुठलंही जहाज आलं की ड्राइव्ह बंद पडतो, ह्याला मास लॉक म्हणतात. आणि हीच ती वेळ. मास लॉक म्हणजे कोणीतरी रेंजमध्ये आहे. स्कॅनरवर बघा, पिवळा ठिपका म्हणजे साधं जहाज, पांढरा म्हणजे दगड किंवा मालाचा डबा, जांभळा म्हणजे पोलिस, लाल म्हणजे तुमच्यावर उठलेला. ठिपक्याला जोडलेली काडी वर गेली असेल तर तो तुमच्या वरच्या बाजूला आहे, खाली असेल तर खाली. ही काडी वाचायला शिकलात की अर्धी लढाई तिथेच जिंकलात, कारण कोण कुठून येतोय हे तो दिसायच्या आधी कळतं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ह्या गेममध्ये तुम्हाला जिवंत ठेवतं ते टाकीत उरलेलं फ्युएल. लेझर नंतर. टाकी ७ प्रकाशवर्षांची आहे म्हणून ६.८ ची उडी मारायची आणि पलीकडे जवळपास कोरडी टाकी घेऊन पोचायचं, ह्यात जेवढी जहाजं फुटतात तेवढी कशात फुटत नसतील. कारण असं की विचड्राइव्ह फ्युएल इंजेक्टर नावाची एक वस्तू मिळते, किंमत ६०० क्रेडिटच्या आसपास. आय दाबलं की ती टाकीतलं फ्युएल जाळून जहाजाला नेहमीच्या टॉप स्पीडच्या कितीतरी पट वेग देते आणि टोरससारखी ती मास लॉकने बंद पडत नाही. चार पायरेट समोर आले, तुम्ही वळलात, आय दाबलं, सरळ रेषेत सुटलात, स्कॅनरवरून ते गायब झाले की जे दाबून निघून गेलात. पण हे कधी, तर टाकीत निदान दीड-दोन प्रकाशवर्षांचं फ्युएल शिल्लक असेल तर! म्हणून चार्टवर रूट आखताना ५ च्या आतली उडी धरा, लांबचा ग्रह असेल तर मध्ये एक थांबा घ्या, स्टेशनवर फ्युएल अगदी स्वस्त मिळतं, एफ३ मध्ये म्हणजे जहाजाचं सामान घ्यायच्या स्क्रीनवर पहिलीच ओळ त्याची असते.

छोट्या उड्यांचा अजून एक फायदा आहे जो बऱ्याच जुन्या खेळाडूंनाही माहीत नसतो. उडीला लागणारा गेममधला वेळ अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे ६ प्रकाशवर्षांच्या उडीला ३६ तास आणि ३-३ च्या दोन उड्यांना मिळून १८ तास. मधल्या सिस्टिममध्ये दुसऱ्या उडीची तयारी करायला थोडा वेळ जातो तो सोडला तर निम्म्या वेळात पोचलात. पार्सल पोचवायचं काम घेतलेलं असतं आणि त्याची डेडलाइन असते तेव्हा हे गणित फार कामाला येतं.

अजून एक कारण आहे, थारगॉइड. कधीकधी उडी मध्येच बिघडते आणि तुम्ही दोन ताऱ्यांच्या मध्ये काळोखात बाहेर पडता, आजूबाजूला ग्रह नाही, स्टेशन नाही, फक्त हे अष्टकोनी परग्रही जहाज आणि त्याने सोडलेले छोटे थारगॉन. तिथून सुटायचा मार्ग म्हणजे परत उडी मारणं आणि उडीला फ्युएल लागतं. टाकी कोरडी असेल तर विषय संपला. फ्युएल असेल तर लढायच्या भानगडीत न पडता इंजेक्टरने थोडं लांब सुटा, चार्ट उघडून जवळचा ग्रह निवडा, एच दाबा.

पैसे आल्यावर काय आधी घ्यायचं ह्यावर लोकांची खूप मतं आहेत. माझं मत, पहिले ४०० क्रेडिट झाले की मोठी डिकी घ्या, २० टनाची ३५ होते आणि तेवढ्याच फेरीत कमाई पावणेदोन पट. जोपर्यंत कॉर्पोरेट आणि डेमोक्रसीमध्येच फिरताय तोपर्यंत हे चालतं. त्यानंतर लगेच इंजेक्टर. मग ईसीएम, तेही ६०० ला, त्याने तुमच्या अंगावर येणारं साधं मिसाइल हवेतच फुटतं. त्यानंतर फ्युएल स्कूप (तरंगते डबे आणि सूर्याजवळचं फ्युएल उचलणारं यंत्र) ५२५ ला. बीम लेझर १,००० ला मिळतो आणि सगळे जण आधी त्याच्या मागे लागतात, पण पळता येत नसताना चांगला लेझर असून उपयोग काय, दोघांशी लढाल, तिसरा मागून शील्ड काढेल. एस्केप पॉड १,००० चा आहे, तो बीम लेझरच्या आगेमागे घेऊनच टाका, जहाज जायची वेळ आली की एस्केपचं बटण दोनदा दाबायचं, माल गेला तरी तुम्ही स्टेशनवर सुखरूप आणि जहाजही परत मिळतं. डॉकिंग कॉम्प्युटर १,५०० चा, तो चैन म्हणून, आधी हाताने डॉक करायला शिका. आणि लक्षात ठेवा, प्रत्येक वस्तू प्रत्येक स्टेशनवर मिळत नाही, टेक लेव्हल म्हणजे ग्रह तंत्रज्ञानात किती पुढे आहे ते बघावं लागतं, लावेवर नाही मिळालं तर झाओन्सेवर बघा. तसंच मेंटेनन्स ओव्हरहॉलची म्हणजे जहाजाच्या देखभालीची ओळ एफ३ मध्ये दिसायला लागली की पैसे वाचवायला पुढे ढकलू नका.

हाताने डॉक करणं म्हणजे नवीन लोकांचा सगळ्यात मोठा धसका, त्यामुळे हे सावकाश सांगतो. स्टेशन गोल गोल फिरत असतं आणि त्याचं दार म्हणजे एक आडवी फट, ती कायम ग्रहाच्या बाजूला असते. बॉय त्या फटीच्या बरोब्बर समोर थोड्या अंतरावर तरंगतो. स्टेशनकडे थेट जाऊ नका, आधी बॉयपाशी जा. बॉयच्या जवळ जहाज जवळपास थांबवा आणि वळून स्टेशनकडे तोंड करा, आता फट तुम्हाला समोर मधोमध दिसेल. नसेल दिसत तर तुम्ही बाजूला आहात, अजून थोडं सरका. मग वेग तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवून सरळ निघा, नाक फटीच्या मधोमध राहील एवढंच बघा, रोलचा विचार अजून करू नका. जवळ आलात की डाव्या-उजव्या बाणाने जहाज स्टेशनच्याच दिशेने आणि त्याच वेगाने फिरवायला लागा, फट तुम्हाला आडवी स्थिर दिसली पाहिजे, फिरतीय असं वाटलं तर रोल कमी-जास्त करा. आत शिरताना घाबरून वेग एकदम कमी करायचा नाही, रोल धरून ठेवायचा आणि सरळ आत. मध्येच बिनसलं असं वाटलं तर वळून मागे या, बॉयपासून पुन्हा सुरू करा, गेम काही दंड लावत नाही. आणि डॉक झाल्या झाल्या एफ२ मधून सेव्ह करा, कारण सेव्ह फक्त स्टेशनवरच होतं.

लढाई. पहिलं म्हणजे एकटा असेल त्याच्याशीच लढा, तिघं-चौघं असतील तर निघा. दुसरं, लेझर तापतो, सतत बटण दाबून ठेवलंत की तापमानाची पट्टी भरते आणि लेझर बंद, म्हणून निशाणा क्रॉसहेअरमध्ये बसल्यावरच झटके द्या. तुमच्याकडे पुढचं शील्ड आणि मागचं शील्ड वेगळं असतं. पुढचं संपत आलं की शत्रूकडे पाठ करून सुटा, मागचं शील्ड मार खाईल तोवर पुढचं भरेल, ते भरतं एनर्जी बँकमधून, आणि शील्ड संपलं की पुढचा फटका थेट जहाजाला बसतो, आतली एखादी महाग वस्तू किंवा माल जाऊ शकतो, आणि बँकही रिकाम्या झाल्या की जहाजच फुटतं. त्यामुळे नजर समोरच्या जहाजापेक्षा जास्त त्या पट्ट्यांवर पाहिजे. एक पट्टी उरली की निघायचं, दोन उरल्या तर विचार करायचा.

मिसाइल आलं असं लिहून आलं की ईसीएम असेल तर ई दाबा, नसेल तर त्याच्याकडे पाठ करून इंजेक्टर लावा, मिसाइलचं आयुष्य थोडंच असतं. तुमची स्वतःची मिसाइल ३० क्रेडिटला एक, टी ने लॉक करून एम ने सोडायची. दुबळ्या जहाजावर उधळू नका, ज्याच्यावर लेझर पुरत नाही त्याच्यासाठी ठेवा.

आणि एक युक्ती जी मला मनापासून आवडते. पैसे झाले की मागच्या बाजूला सुद्धा एक लेझर बसवा, शक्य असेल तर बीम. मग टोळी आली की पाठ करून इंजेक्टरचे छोटे छोटे झटके देत सरळ पळत राहा, एफ२ ने मागचा व्ह्यू घ्या. पाठलाग करणारे तुमच्यामागे सरळ रेषेत येतात, गिरक्या घेत नाहीत, त्यामुळे निशाणा सोपा होतो. सगळ्यात वेगवान असतो तो पुढे येतो आणि बाकीच्यांपासून तुटतो, त्याला आधी टिपा, मग दुसरा. जास्त जवळ आले की पुन्हा आय. चौघांच्या टोळीला एका वेळी एक करून संपवायचा एवढा चांगला मार्ग दुसरा नाही, आणि तोही चालतो तो फ्युएल शिल्लक आहे म्हणूनच.

पायरेट कधी कधी माल मागतात. डी दाबून काही डबे सोडले की पुष्कळदा ते त्यावर समाधान मानून सोडून देतात, आणि पाच टन अन्न गेलं तर वीस-पंचवीस क्रेडिटचं नुकसान, जहाज गेलं तर सगळंच, हिशोब तुम्हीच करा. भांडण नकोच असेल तर विचपॉइंटवरून ग्रहाच्या दिशेने थेट न जाता नाक ९० अंशात वर किंवा खाली वळवा, टोरसने थोडं लांब जा आणि मग ग्रहाकडे वळा. सगळी गर्दी त्या सरळ रस्त्यावरच असते, बाजूने गेलात तर बहुतेक वेळा कोणीच भेटत नाही.

फ्युएल स्कूप बसवला की दोन नवे रस्ते उघडतात. एक म्हणजे फुटलेल्या पायरेटचे डबे उचलता येतात, डबा तुमच्या स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवून हळू त्याच्यावर जायचं, स्कूप जहाजाच्या पोटाला असतो ना. तरंगत असलेले एस्केप पॉड पण उचला, आतल्या पायलटचा इन्शुरन्स असेल तर बक्षीस मिळतं. दुसरा म्हणजे सूर्य. सूर्याच्या कडेला जवळ गेलात की स्कूप आपोआप फ्युएल भरायला लागतो, फुकट. केबिन टेंपरेचरची पट्टी चढत जाते, ती तीन चतुर्थांशाच्या पुढे जायच्या आत नाक वळवून वेगाने बाहेर पडा. हे जमलं की अनार्की सिस्टिमचं स्टेशन न गाठताही सूर्यावरून टाकी भरून पुढची उडी मारता येते, आणि सूर्याकडच्या वाटेवर पायरेटही कमी असतात.

पैसे कमवायचा अजून एक मार्ग म्हणजे पार्सल. स्टेशनवर एफ४ दाबा, तिथे पार्सल, पॅसेंजर आणि मालाची कंत्राटं असतात. पार्सलला डिकीत जागाच लागत नाही, म्हणून नेहमीच्या व्यापाराबरोबर ती घ्यायची, वेळेत पोचवली की तुमचं नाव होतं आणि मग महागडी पार्सलं मिळायला लागतात. फार जास्त पैसे देणारं पार्सल असेल तर थांबून विचार करा, त्याच्या मागावर माणसं असू शकतात. पॅसेंजरसाठी केबिन बसवावी लागते आणि ती डिकीतले ५ टन खाते, ते नंतर.

रँकची घाई नको. हार्मलेसपासून सुरू होतं आणि एलिट व्हायला ६,४०० शिकार लागतात, त्याला महिने लागतात आणि लागू देत. मधेच काही मिशन आपणहून समोर येतात, ती कोणती हे मी सांगत नाही, डॉक झाल्यावर स्क्रीनवर आलेला मजकूर न वाचता पुढे जाऊ नका एवढंच. एक्सपान्शन पॅक पहिल्या स्क्रीनवरच्या मॅनेजरमधून थेट उतरवता येतात, जहाजांचे देखणे मॉडेल, नवी स्टेशनं, नवी मिशनं, शेकड्याने आहेत, पण आधी मूळ गेम थोडा खेळा आणि मग एका वेळी एकच टाका, नाहीतर कशामुळे काय बदललं ते कळत नाही.

आणि सगळ्यात शेवटी गॅलॅक्टिक हायपरड्राइव्ह, ५,००० क्रेडिटचा, तो तुम्हाला पुढच्या गॅलक्सीत नेतो आणि एकदाच चालतो, परत यायचं तर तिथे नवा घ्यावा लागतो. आठवी झाली की पुन्हा पहिली येते. निघायच्या आधी हातातली सगळी पार्सलं आणि कंत्राटं पूर्ण करा, टाकी फुल करा, कारण पलीकडे कुठे पोचाल, शेजारी कॉर्पोरेट असेल की अनार्की, हे गेल्यावरच कळतं.